दोन पातेल्यांच्या मध्ये तुझी तलवार

बारनोक, तुझी तलवार माझ्याच पिशवीत सापडली. दोन पातेल्यांच्या मध्ये, एका किटलीखाली. तुला जाऊन आज तिसरा दिवस. आमच्यात तिसऱ्या दिवशी उठावणा असतो, चार माणसं येऊन बसतात, गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. तुझ्या उठावण्याला कोण येणार? म्हणून मीच एकटी कागद घेऊन बसलेय. घरात आम्ही मारवाडी बोलतो, गिऱ्हाइकांशी अहिराणी, पण माझी शाळा तळोद्याला मराठीत झाली, त्यामुळे मनातलं कागदावर उतरतं ते मराठीतच.

तू खेळातला माणूस. कॉम्प्युटरवरच्या राजा-राक्षसांच्या खेळातला एक ढालकरी, नायकाच्या मागेमागे चालणारा. हे काय मला कळत नाही? परवा मला डोळे पुसताना बघून हे म्हणाले, "त्या चित्रासाठी रडतेस?" मी म्हटलं, चित्र तर चित्र, दीड वर्ष रोज दुपारी माझ्यासोबत होतं. यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. वाईट नाहीत ते.

दीड वर्षापूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खापर गावच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं आणि मागच्या खोलीत मी स्टुलावर पाय ठेवून पडलेली असायचे. लेक खुशबू पुण्याला नोकरीला लागली, जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून गेली. "मम्मी, पायानं नाही तर बोटांनी फिर." खेळात हिंदी अक्षरं होती म्हणून माझं निभावलं. खेळात मी चालवते त्या माझ्या बाहुलीला तिनंच नाव दिलं, सरला. माझंच नाव. त्या नावानं मला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मी भाभी, मी शेठाणी, मी खुशबूची मम्मी.

सुरुवातीलाच खेळानं विचारलं होतं, साथीदार मेला तर परत जिवंत व्हावा का? खुशबू फोनवर सांगत होती, "हो कर मम्मी, हो कर." मी 'नाही' केलं. मेलेला उठून बसायला लागला तर जिवाला काय किंमत राहिली, असं मी तिला ऐकवलं. फार शहाणपणा केला तेव्हा. बोलायला काय जातं आपलं.

तू पहिल्यांदा भेटलास तो मोडक्या पुलापाशी. तुझा मालक लढाईत गेलेला, तू ढाल मांडीवर घेऊन बसलेला. मी जवळ गेले, तू उठलास आणि म्हणालास, "चला, मी मागे आहे." मी आपली सवयीनं म्हणून बसले, "तुम्ही व्हा पुढे, भाईसा." तू जागचा हलला नाहीस. मी एक पाऊल टाकलं तेव्हा तू एक टाकलंस. मी थांबले, तू थांबलास.

बारनोक, लग्नाला बत्तीस वर्षं झाली माझ्या. लग्नकार्य असो, तीर्थ असो, नंदुरबारचा दवाखाना असो, पुढे हे, त्यांच्यापुढे सासूबाई होत्या तोवर सासूबाई, आणि मागे मी, दोन्ही हातांत पिशव्या. तक्रार नाही करत, आमच्याकडे सगळ्यांचं असंच चालतं. पण माझ्या मागे चालणारा तू पहिलाच. पहिल्या दुपारी मी तुला उगाचच गावभर फिरवलं. काम काही नव्हतं. फक्त मागे वळून बघायचं आणि तू आहेस ना ते पाहायचं.

आमच्या दुकानात खेमीबाई आहे. वर डोंगरातल्या पाड्यावरची, माझ्याच वयाची, वीस वर्षं झाली भांडी पुसते, रचते, आणि मला चार गोष्टी सुनावते. घरी भिलोरी बोलते, माझ्याशी अहिराणी. तिनं दारातून पाहिलं आणि विचारलं, "हाऊ कोन शे, बाई? तुन्हा मांगे मांगे कसाले फिरी ऱ्हायना?" मी सांगितलं, हा राखणदार, हा असाच कायम मागे चालतो. ती पदराला हात पुसत आणखी जवळ आली. "मन्हा घरना तर एक दिन बी मांगे चालना नही," म्हणाली, आणि त्या दिवसापासून दुपारची भाकर ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून खाऊ लागली.

तुझं बोलणं मोजून नऊ वाक्यांचं. नऊच्या नऊ मला पाठ. "इथली हवा बरी नाही." "माझं काही नाही, चला." आणि माझी पिशवी जड झाली की, "ओझं मला द्या." पिशवी तर माझी कायमच जड. भांडेवाल्याच्या घरातली बाई मी, ओसाड घरात पातेलं पडलेलं दिसलं तर सोडून जाववतं का? लोक त्या खेळात सोनं शोधतात म्हणे. मी झारे, किटल्या, पितळी तांबे उचलत सुटले. तू ते सगळं पाठीवर घेतलंस आणि एकदाही विचारलं नाहीस की बाई, या राक्षसांच्या राज्यात एवढी भांडी कुणाला विकायची आहेत.

माझा जैन धर्मही तू पाठीवर घेतलास. मी एकही जीव मारायचा नाही असं ठरवून खेळत होते. खुशबू हसून हसून लोळली. मी तुझ्या थैलीतलं सुकं मांस काढून नदीकाठी ठेवलं आणि पाव भरला. सूर्य मावळायच्या आत तुला जेवायला बसवायचे. औषधाला लागणारी कंदमुळं मी उपटायची नाही, मध काढायचा नाही, त्यामुळे माझं औषध कायम अर्ध्या ताकदीचं. तू दीड वर्ष अर्धा जखमी फिरलास, बारनोक. लंगडत यायचास आणि म्हणायचास, "माझं काही नाही, चला." माझा गुडघा दुखत असला की मीही घरात तेच म्हणते, म्हणून तर तुझ्या त्या वाक्यावर मी कधी विश्वास ठेवायला नको होता.

आता आपल्या भांडणाकडे येते, जे पुरं झालंच नाही. मी मारत नव्हते, पण तू मारत होतास. कुणी अंगावर आलं की तू एरवी मागे चालणारा झटकन पुढे व्हायचास, तलवार काढायचास आणि दोन घटकेत सगळं शांत. मी हात जोडून बाजूला. वरून तुला रागवायचे, "काय गरज होती?" तू ढाल पुसत "चला, मी मागे आहे" म्हणायचास. मी मनात म्हणायचे, माझे हात स्वच्छ आहेत.

एकदा संध्याकाळी जेवताना मी यांना विचारलं, आपण केलं नाही, सोबतच्यानं आपण होऊन केलं, तर पाप कुणाचं? यांना वाटलं दुकानातलं काहीतरी आहे. म्हणाले, "स्वतः करणं, करवून घेणं आणि केलेलं बरं वाटणं, तिन्हीचं सारखंच. लहानपणी पाठशाळेत काय शिकलीस?" माझा घास हातात राहिला. कारण मला बरं वाटायचं. तू पुढे झालास की मला फार बरं वाटायचं. मला वाचवायला कुणीतरी आपण होऊन पुढे होतंय, याचा आनंद मी दीड वर्ष लपवून ठेवला होता.

म्हणून या पर्युषणात मी ते केलं. आठ दिवस खेळायचं नाही असं ठरलेलंच होतं. आदल्या दुपारी तुला खेळातल्या धर्मशाळेत बसवलं आणि तुझी तलवार काढून माझ्या पिशवीत ठेवली. म्हटलं, आठ दिवस तूही शस्त्राशिवाय राहा. ढाल राहू दिली, ढाल काही कुणाला मारत नाही. खेमीबाईला मोठ्या कौतुकानं सांगितलं, माझा बारनोकही व्रत करतोय. आज खरं लिहिते. ते व्रत तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्या तलवारीचं पाप माझ्या माथी येतं हे कळल्यावर मी घाबरले, म्हणून काढली. तू नाही म्हणाला नाहीस. तुझ्या नऊ वाक्यांत 'नाही' नाहीच.

आठ दिवस झाले. संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, तुला सांगितलं होतं का कधी? जाणून-नजाणून दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्, असं एकेकाला म्हणायचं, समोरचाही तेच म्हणतो, मग मागचं सगळं मिटतं. मी बाजारात दुकानोदुकानी गेले. सुरतच्या जावेला फोन केला, जिच्याशी चार वर्षं बोलत नव्हते. खेमीबाईपुढे हात जोडले. ती दरवर्षी लाजते आणि दरवर्षी तेच म्हणते, "तू मन्हं काय वाईट करं? जाऊ दे." चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची माफी मागितली, मुंगीचीसुद्धा. तुझी नाही मागितली. यंत्रातल्या माणसाची कसली माफी, असं वाटलं. खरं म्हणजे तेव्हा तू आठवलाच नाहीस.

आणि पर्युषणात मी मनाशी आणखी एक ठरवलं होतं, आता कुणावर आपलं ओझं टाकायचं नाही. गुडघा बरा झालाय, आपलं आपण उचलायचं. किती चांगला विचार, हो ना?

मग तुझ्या पाठीवरची सगळी भांडी माझ्या पिशवीत घेतली आणि आपण पुन्हा निघालो. माझी बाहुली जरा हळू चालत होती. मला वाटलं, माझ्यासारखीच आहे बिचारी. तू चार पावलांवर म्हणालास, "ओझं मला द्या." मी म्हटलं, राहू दे, माझं मी नेते. पुढच्या वळणावर पुन्हा, "ओझं मला द्या." तीन दुपारी तू ते म्हणत होतास. मला कौतुक वाटायचं, काय गुणी माणूस आहे, नको म्हटलं तरी विचारतो. तुझ्या खांद्यावर हात ठेवायची सोय त्या खेळात असती तर ठेवला असता. तलवार माझ्याच पिशवीत राहून गेली होती; तू ती मागत होतास आणि मी तुझ्यावर उपकार करत होते.

खिंडीत तीन लांडगे आले. तू नेहमीसारखा पुढे झालास. मी नेहमीसारखी बाजूला सरले, हात जोडायच्या तयारीत. दोन घटका झाल्या, शांत होईना. तू नुसती ढाल धरून उभा. ते उड्या घेत होते, तू ढाल पुढे करत होतास, मागे सरत नव्हतास. एकाला ढालीनंच असं रेटलंस की तो दरीत गेला. मी औषध दिलं, अर्ध्या ताकदीचं. तू गुडघ्यावर आलास, पुन्हा उठलास, आणि त्या गदारोळात म्हणालास, "ओझं मला द्या." मी चिडून म्हटलं, "आत्ता कुठे ओझ्याचं काढलंस?"

उंबऱ्यावरून खेमीबाई म्हणाली, "बाई, त्याना हातमा तर काहीच नही शे."

मी पिशवी उघडली. त्या खेळात पिशवी उघडली म्हणून लढाई थांबत नाही. तवे, किटल्या, झारे, तांबे, वाट्या, सगळ्या खोऱ्यातली भांडी मीच गोळा केलेली, आणि त्यात तलवार कुठे दिसेना. बोट एकेका ओळीवरून खाली नेत होते. पातेलं, किटली, पातेलं. सापडली तेव्हा मी लगेच वर पाहिलं. तू पडलेला होतास, कुशीवर, ढालीचा हात अजून माझ्या बाजूला केलेला. दुसरा लांडगाही तुझ्याजवळच पडला होता. तिसरा माझ्याकडे वळला.

मग मी ते बटण दाबलं, बारनोक. मारायचं. खुशबूनं पहिल्या दिवशी दाखवलं होतं, दीड वर्षात एकदाही बोट लावलं नव्हतं. हातातल्या काठीनं मी त्याला मारलं, तो पडला तरी मारत राहिले. खेमीबाईनं माझा हात धरला तेव्हा थांबले. हे अजून यांना सांगितलेलं नाही. व्रतही राहिलं नाही आणि तूही राहिला नाहीस. पश्चात्ताप होतो का म्हणशील तर होतो. पण मारलं याचा जितका होतो, त्याहून उशिरा मारलं याचा जास्त होतो. हे देवापुढे कसं सांगायचं ते मला अजून माहीत नाही. तुला सांगता येतं.

खुशबूला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, रडतेस काय? नवीन गेम सुरू कर. तो त्याच पुलापाशी बसलेला असेल." मला माहीत आहे. असेल. ढाल मांडीवर घेऊन, "चला, मी मागे आहे" म्हणायला तयार. दोन दिवस माझं बोट त्या बटणापाशी जाऊन येत होतं. एवढं सोपं होतं सगळं. पण त्याला मी नदीकाठी ठेवलेलं सुकं मांस माहीत नसेल. माझ्या अर्ध्या औषधाचे व्रण त्याच्या अंगावर नसतील. आम्ही पुनर्जन्म मानतो, पण ज्याला मागच्या जन्मीचं काही आठवत नाही त्याच्याकडे माफी मागून काय होणार? तो आपला विचारेल, कशाची? मी खुशबूला सांगितलं, तो तुझा बारनोक असेल, माझा खिंडीत पडलाय.

म्हणून आज दुपारी निघाले. धर्मशाळेत सगळी भांडी उतरवून ठेवली, एक वाटीसुद्धा सोबत घेतली नाही. फक्त तुझी तलवार घेतली. पिशवी इतकी हलकी की बाहुली पळत सुटली, मला आवरेना. मध्येच सवयीनं मागे वळून बघायचे. रस्ता नुसता. तुझ्याशिवाय ते खोरं केवढं मोठं आहे ते मला आज कळलं. झाडीत काही हललं की मी लपत होते. तू असताना कधी लपले नव्हते, कारण तू पुढे होणार हे मी धरूनच चालले होते. एवढी वर्षं घरात कामाला मी पुढे होणार हे सगळे धरून चालतात, तसं.

तू तिथेच होतास. त्या खेळात पडलेली माणसं कुणी उचलत नाही. मी जवळ गेले, पिशवी उघडली. तलवार काढून तुझ्या उजव्या हाताशी ठेवली. एकदा नीट बसली नाही, तिरपी पडली, उचलून पुन्हा ठेवली.

खेमीबाई उंबऱ्यावर भाकर हातात घेऊन बसली होती. "आते दी ऱ्हायनी का?" म्हणाली. तिला असंच बोलता येतं. मी म्हटलं, हो, आत्ता देतेय.

मग मी खुर्चीतून उठले. उठताना गुडघा बोलला, बोलू दे. त्या पडद्यापुढे उभी राहून हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं. बारनोक, मनानं, बोलण्यानं, वागण्यानं, आणि जाणूनच, नजाणता नाही. माझं पुण्य राखायला मी तुझा हात रिकामा केला. तू मागत होतास आणि मी तुला चांगला म्हणत राहिले. मिच्छामि दुक्कडम्.

आणि सवयीनं थांबले. समोरच्यानं म्हणायचं असतं ना. त्याशिवाय पुरं होत नाही. तुझी नऊ वाक्यं मला पाठ आहेत, त्यांत हे नाही हेही ठाऊक होतं. तरी हात जोडून उभी राहिले. बाहेर बाजारात मोलगी गावाला जाणारा जीपवाला मोलगी, मोलगी ओरडत होता. पडद्यावर तुझ्या अंगावरून वारा जात होता, एवढंच.

मागे खेमीबाईनं उरलेली भाकर फडक्यात बांधली. उठून माझ्याजवळ आली, वाकून तुझ्याकडे नीट पाहिलं.

"तो म्हनस, जाऊ दे," ती म्हणाली, आणि शटर उघडायला गेली.